कठड्यावरचा रंग

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरातल्या पेन्सिलीला आपण आजही ‘शिसपेन्सिल’ म्हणतो. मुलाने तिचे टोक चावले की आई धसकते, कारण शिसे हे विष आहे एवढे तिने ऐकलेले असते. वास्तविक त्या टोकात शिसे नसते, ग्रॅफाइट असते. म्हणजे कोळशाचेच एक भावंड. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा साठा सापडला तेव्हा लोकांना तो शिशाचाच एक प्रकार वाटला आणि ती चूक पेन्सिलीच्या नावात कायमची राहून गेली. मौज अशी की, पूर्वीच्या काळी पेन्सिलीच्या लाकडावर जो चकचकीत पिवळा किंवा तांबडा रंग दिला जाई, त्यात मात्र पुष्कळदा खरोखरीचे शिसे असे. आई काळ्या टोकाला घाबरत होती आणि विष बाहेरच्या देखण्या रंगात होते. लहान मुलांच्या शिसे-विषबाधेचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळताना ही पेन्सिल माझ्या मनातून जात नाही. या इतिहासात जाणती माणसेसुद्धा पुनःपुन्हा चुकीच्या जागी शोध घेताना दिसतात.

हा इतिहास सुरू होतो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात, ब्रिस्बेन शहरी. १८८९ मध्ये तेथील बालरुग्णालयात आल्फ्रेड जेफरिस टर्नर नावाचा तरुण डॉक्टर दाखल झाला. त्याचा जन्म चीनमधील कँटनचा, एका मिशनऱ्याच्या घरातला. स्वभावाने तो इतका मृदू आणि अबोल होता की लोकांनी त्याला ‘जेंटल ॲनी’ असे बायकी टोपणनाव ठेवले होते. फावल्या वेळात पतंग-फुलपाखरे गोळा करण्याचा त्याला नाद होता आणि त्या क्षेत्रातही पुढे त्याने मोठे नाव मिळविले. बारीकसारीक फरक टिपणारी ही नजर रुग्णालयातही त्याच्या कामी आली असावी, असे मला वाटते.

त्याच्यासमोर येणारी मुले विचित्र दुखणे घेऊन येत. पोटात कळा, हट्टी बद्धकोष्ठ, चेहरा फिकट. काहींची पावले चालताना लुळी पडून फरफटत, काहींचे मनगट वर उचलले जात नसे. एखाद्याला आकडी येई आणि ते मूल बेशुद्धीतच जाई. रंगाऱ्यांत, छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांत आणि शिशाच्या कारखान्यांतील मजुरांत ही लक्षणे वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. परंतु चार-पाच वर्षांचे मूल काही रंगारी नव्हे. टर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९२ मध्ये निर्भीडपणे सांगितले की, ही शिशाची विषबाधा आहे. रोग ओळखला गेला; पण शिसे येते कोठून, हे कळेना. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांवर संशय घेतला गेला, भांड्यांवर घेतला गेला. तशी बारा वर्षे गेली.

ते कोडे सोडविले जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने. शिशाने डोळ्यामागील मज्जातंतूला सूज येते, दृष्टी मंदावते, डोळा तिरळा होतो. म्हणून ही मुले त्याच्याकडे येत. ब्रिस्बेनची घरे लाकडी, जमिनीपासून उंच खांबांवर उभारलेली आणि चोहोबाजूंनी रुंद व्हरांड्यांची. उष्ण प्रदेश असल्याने घरातली मुले दिवसभर व्हरांड्यात खेळत. आपल्याकडे जुन्या घरांच्या ओटीवर मुले जशी लोळत असत, तोच प्रकार. त्या व्हरांड्यांच्या लाकडी कठड्यांना सफेद्याचा, म्हणजे शिशापासून बनविलेल्या पांढऱ्या रंगाचा हात दिलेला असे. तेथील कडक उन्हाने वर्षा-दोन वर्षांत तो रंग सुकून भुकटीसारखा होई आणि कठड्यावरून हात फिरविला की तळव्याला लागे. मूल कठडा धरून उभे राहते, तेच हात तोंडात घालते, अंगठा चोखते, नखे कुरतडते. एवढे पुरेसे होते. गिब्सनने १९०४ मध्ये आपले म्हणणे एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि त्या लेखाच्या शीर्षकातच ‘विनवणी’ हा शब्द घातला: क्वीन्सलंडच्या मुलांच्या विषबाधेचे मूळ म्हणून रंगविलेल्या कठड्यांकडे आणि खोल्यांच्या रंगविलेल्या भिंतींकडे पाहावे, अशी ती विनवणी होती. शास्त्रीय लेखाला असे आर्जवी नाव क्वचितच मिळते. आपले म्हणणे सहज मान्य होणार नाही हे त्याला ठाऊक असावे.

झालेही तसेच. रंगासारख्या घरोघरच्या, देखण्या, टिकाऊ वस्तूवर आळ घेणे अनेकांना रुचले नाही. कायदा व्हायला १९२२ साल उजाडले. त्या वर्षी क्वीन्सलंडने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरण्यास बंदी केली. जगात अशा प्रकारचा हा पहिल्या कायद्यांपैकी एक. विनवणी आणि कायदा यांत अठरा वर्षांचे अंतर पडले; त्या अठरा वर्षांत जन्मलेल्या मुलांचे काय झाले हे पुढे निराळ्याच मार्गाने उघडकीस आले. १९२९ मध्ये जार्विस नाय या वैद्याने दाखवून दिले की, क्वीन्सलंडमध्ये ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाऱ्यांचे प्रमाण इतर प्रांतांपेक्षा फार अधिक आहे. १९५४ मध्ये हेंडरसन या संशोधकाने बालरुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्या काढून, लहानपणी शिशाची बाधा झालेली मुले मोठेपणी कशी आहेत याचा माग काढला. त्यांतील कितीतरी जण मूत्रपिंडाच्या विकाराने आधीच गेलेले होते. कागदोपत्री ती मुले बरी होऊन घरी गेलेली होती.

‘बरे होऊन घरी जाणे’ या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांतच अडकलेला आहे.

शिसे पोटात गेले की शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊबंद समजते. मोठ्या माणसाच्या आतड्यातून दहावा हिस्सा शोषला जात असेल, तर लहान मुलाच्या आतड्यातून जवळजवळ निम्मा शोषला जातो. आणि मूल उपाशी असेल, त्याच्या रक्तात लोह कमी असेल, तर अधिकच. रक्तातून ते हाडांत जाऊन बसते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. थोडा अंश मेंदूत जातो. रक्त तपासून जे दिसते ती केवळ वाटेवरची रहदारी होय. मुक्कामाची जागा हाड आहे. म्हणून औषधाने रक्तातले शिसे उतरविले तरी काही दिवसांनी हाडांतून ते पुन्हा रक्तात उतरते आणि आकडा परत चढतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते, औषध लागू पडले नाही.

टर्नर-गिब्सन यांच्या काळी औषध म्हणजे पोट साफ करणारे क्षार आणि पोटॅशियम आयोडाइड. १९२०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील जोसेफ ऑब व त्याचे सहकारी यांनी दोन टप्प्यांची युक्ती सुचविली. आधी भरपूर दूध-कॅल्शियम देऊन रक्तातले शिसे हाडांत ढकलायचे, म्हणजे कळा आणि आकड्या थांबतील. मग शरीरात आम्लता वाढवून ते हाडांतून हळूहळू बाहेर काढायचे. पहिल्या टप्प्याने जीव वाचे. दुसऱ्या टप्प्यात एकदम फार शिसे सुटले तर मेंदूलाच धोका होई. ही ‘दडविण्याची’ आणि ‘काढण्याची’ कसरत पुढील वीस वर्षे चालली.

दरम्यान हाच शोध अमेरिकेला पुन्हा नव्याने लावावा लागला. १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील टॉमस आणि ब्लॅकफन या डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. आपल्या पलंगाच्या कठड्याचा पांढरा रंग दातांनी कुरतडून खाल्ल्याने तो मुलगा दगावला होता. ब्रिस्बेनचा कठडा व्हरांड्याचा, बाल्टिमोरचा निजायच्या पलंगाचा. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हा येथे करार करून घरांच्या अंतर्भागात सफेदा वापरण्यास मनाई सुचविली. ही मनाई मुख्यतः रंगाऱ्यांच्या रक्षणासाठी होती. मुलांना तिचा लाभ आनुषंगिकच झाला. अमेरिकेने त्या करारावर शिक्कामोर्तब केले नाही. उलट त्याच दशकात तेथील एक मोठी शिसे-कंपनी आपल्या सफेद्याच्या प्रचारासाठी मुलांना रंगवायच्या चित्रपुस्तिका वाटत होती आणि त्यांतून शिशाच्या गुणांची गाणी गाईली जात होती.

बाल्टिमोर शहराचे नाव या कथेत वारंवार येते, कधी अभिमानास्पद तर कधी लाजिरवाणे. १९३२च्या मंदीत तेथील गरीब कुटुंबांनी थंडी निवारण्यासाठी मोटारींच्या टाकाऊ बॅटऱ्यांच्या पेट्या जाळल्या. त्या पेट्यांत शिसे मुरलेले होते. धुराने घरातली मुले आजारी पडली. शहराचे आरोग्यखाते जागे झाले आणि १९३५ पासून रक्तातील शिशाची तपासणी तेथे विनामूल्य होऊ लागली. जेथे तपासणी होते तेथेच रोगी सापडतात हे ओघाने आलेच. पुढे कित्येक वर्षे बाल्टिमोरची आकडेवारी इतर शहरांपेक्षा जास्त दिसत राहिली, याचे एक मोठे कारण हे की इतर शहरे तपासतच नव्हती. १९५१ मध्ये बाल्टिमोरने घराच्या आतील भागात शिशाच्या रंगाला बंदी केली. देशभरात घरगुती रंगांवर बंदी यायला १९७८ साल उजाडले.

तोवर आणखी एक समजूत कोसळली होती. मूल वाचले, आकड्या थांबल्या, म्हणजे ते बरे झाले, असे सर्वजण मानत. बॉस्टनमधील रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी १९४३ मध्ये अशा ‘बऱ्या झालेल्या’ वीस मुलांचा शाळेपर्यंत पाठपुरावा केला. वीसपैकी एकोणीस मुले शाळेत मागे पडलेली होती. बुद्धी अगदीच गेलेली नव्हती. पण चित्त लागत नव्हते, आकार जुळविता येत नव्हते, संताप अनावर होत होता. एखादे मूल ‘वाया गेले’ असे आपण किती सहज म्हणतो! त्यांच्या गुरुजनांनीही तेच म्हटले असेल.

याच सुमारास एक खरे औषध हाती आले, तेही युद्धाच्या कृपेने. दुसऱ्या महायुद्धात शत्रू लेविसाइट नावाचा सोमलयुक्त विषारी वायू सोडील या भीतीने ऑक्सफर्डमध्ये रूडॉल्फ पीटर्स यांच्या मंडळींनी त्यावर उतारा शोधला. हा उतारा सोमलाला जसा दोन बाजूंनी चिमट्यात धरतो तसाच शिशालाही धरतो, असे नंतर आढळून आले. ‘बाल’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. भुईमुगाच्या तेलात विरघळविलेले हे औषध स्नायूत खोल टोचावे लागे आणि ते फार दुखे. १९५०च्या दशकाच्या आरंभी इडीटीए नावाचे दुसरे औषध आले. ते शिरेतून द्यायचे. बाल्टिमोरच्याच ज्युलियन चिझम या बालरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकात ही दोन्ही एकत्र देण्याची पद्धत घालून दिली. मेंदूला सूज आलेली जी मुले पूर्वी निम्म्याहून अधिक संख्येने दगावत, त्यांतील बहुतेक आता वाचू लागली. वैद्यकाचा हा निःसंशय विजय होता.

पण चिझमलाच सर्वांत आधी दिसले की, वाचलेले मूल काही महिन्यांनी त्याच खाटेवर परत येते. कारण रुग्णालयातून ते त्याच घरी जाते, त्याच खिडकीच्या चौकटीपाशी खेळते, आणि चौकटीचा रंग तसाच पापुद्र्यांनी सुटत असतो. अशा परतलेल्या मुलाच्या मेंदूची हानी पहिल्यापेक्षा गंभीर असे. मूल सुरक्षित घरी जाणार नसेल तर त्याला घरी पाठवू नये, हा नियम त्याने लावून धरला. सुरक्षित घर कोणी द्यायचे? डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधे मिळतात, घरे मिळत नाहीत. या प्रश्नासाठी पुढे कायदे, कर्जे आणि कज्जे झाले.

रंगाच्या जोडीला दुसरे मोठे उगमस्थान होते पेट्रोल. १९२१ मध्ये टॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातल्यास इंजिन ठोकत नाही हे शोधून काढले आणि १९२३ पासून ते विकले जाऊ लागले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते बनविताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी व्यवहार थांबला नाही. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये, माणसांच्या अंगात आढळणारे शिसे ‘नेहमीचे’ असले तरी ‘नैसर्गिक’ नाही, असे ठणकावले. हर्बर्ट नीडलमन याने मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले आणि १९७९ मध्ये दाखविले की, बाहेरून कोणतेही दुखणे न दिसणाऱ्या मुलांतही दातांत शिसे जितके अधिक तितकी बुद्ध्यांकात व वर्गातील वागणुकीत उणीव अधिक. दाताचा विचार सुचणे यात मला कमालीची सहृदयता दिसते. मुलाच्या हाडाचा तुकडा कोण देणार? दात मात्र आपोआप पडतो. नीडलमनवर पुढे अप्रामाणिकपणाचा आरोप झाला, चौकशीचा ससेमिरा लागला. आरोप टिकला नाही. पेट्रोलमधील शिसे जसजसे कमी झाले, तसतसे अमेरिकेतील एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या शंभर मिलिलिटर रक्तातील शिसे १९७६–८० मधील सरासरी १५ मायक्रोग्रॅमवरून १९८८–९१ मध्ये ३.६ वर उतरले. कोणत्याही औषधाने असे घडविले नसते.

‘किती शिसे म्हणजे फार’ याचा आकडाही खाली सरकत गेला. शंभर मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असे १९६०च्या दशकात मानत. १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५ हा संदर्भांक ठरविला आणि २०२१ मध्ये तो ३.५ केला. हा आकडा सुरक्षिततेची सीमा नव्हे, तर ‘आता या घराकडे लक्ष द्या’ अशी खूण आहे. शिशाची निर्धोक मात्रा ठाऊक नाही, असे आज तज्ज्ञ सांगतात.

मग मधल्या मुलांचे काय? ज्यांना आकडी येत नाही, पण रक्तात २०, ३०, ४० मायक्रोग्रॅम शिसे आहे, त्यांचे? १९९१ मध्ये अमेरिकेत सक्सिमर नावाचे तोंडाने घ्यायचे औषध मुलांसाठी मान्य झाले. कुजक्या अंड्यासारखा वास, एकोणीस दिवसांचा क्रम. पण सुई नाही. सर्वांना वाटले, आता ही मुले शाळेत मागे पडणार नाहीत. ते पडताळण्यासाठी बाल्टिमोर, सिनसिनाटी, न्यूअर्क आणि फिलाडेल्फिया या शहरांतील एक ते तीन वर्षांच्या ७८० मुलांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. २००१ मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्यांच्या रक्तातील शिसे आधी झपाट्याने उतरले, मग दोन्ही गट हळूहळू जवळ आले. बुद्धी, वर्तन, भाषा, कशातही औषधाच्या गटाला लाभ झाला नव्हता. ही मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही तेच दिसले. म्हणून आज साधारणपणे ४५ मायक्रोग्रॅमपासून पुढे औषधाचा विचार होतो. त्याखालील मुलाला औषध नव्हे, तर शिशाविना घर द्यावे लागते. उगाच दिलेले औषध निरुपद्रवीही नसते. इडीटीएचा चुकीचा क्षार दिल्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी खाली येऊन अमेरिकेत २००५ मध्ये दोन मुले दगावली.

त्याच २००१ साली, त्याच बाल्टिमोरमध्ये, एक कटू निवाडा झाला. १९९०च्या दशकात तेथील एका नामवंत बालआरोग्य संस्थेने, घरातील शिसे कमी खर्चात किती कमी करता येते हे पाहण्यासाठी, जुन्या भाड्याच्या घरांची वेगवेगळ्या खर्चाची अर्धी-मुर्धी दुरुस्ती केली आणि तेथे राहणाऱ्या मुलांचे रक्त वेळोवेळी तपासले. संशोधकांत चिझमही होता. प्रश्न खरा होता: संपूर्ण दुरुस्ती परवडत नाही म्हणून काहीच न करणे बरे, की थोडे करणे? परंतु मुलांचे रक्तच मोजपट्टी झाली. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन मातांच्या दाव्यात संस्थेला कडक शब्दांत फटकारले आणि खटला चालविण्याचा आदेश दिला. ज्या माणसाने आयुष्यभर ‘मुलाला वाईट घरी पाठवू नका’ असे सांगितले, त्याच्याच अखेरच्या कामावर हा ठपका यावा! न्यायालयाचे म्हणणे मला पटते. तरीही चिझमला खलनायक ठरविण्यास मन धजत नाही.

हाच पेच २०१० मध्ये नायजेरियाच्या झाम्फारा प्रांतात अधिक उघड्या स्वरूपात उभा राहिला. तेथील खेड्यांत लोक घराच्या अंगणातच दगड फोडून सोने काढत. त्या दगडात शिसे भरपूर होते. धूळ घरभर, धान्याच्या चक्कीत, मुलांच्या अंगावर. चारशेहून अधिक मुले गेली. ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेने हजारो मुलांवर सक्सिमरने उपचार केले. पण एक पथ्य कटाक्षाने पाळले. ज्या गावातील माती उकरून स्वच्छ केलेली नाही, त्या गावातील मुलांवर उपचार सुरू करायचे नाहीत. बागेगा या मोठ्या गावाच्या स्वच्छतेचा पैसा सरकारकडून येईना. मुले समोर, औषध हाती, आणि तरी थांबायचे! २०१३ मध्ये गाव स्वच्छ झाले आणि मगच उपचार झाले. चिझमचा नियम त्या डॉक्टरांनी किती जड मनाने पाळला असेल, याची कल्पना करवत नाही.

आपल्या देशात हा विषय चर्चेत आला तो फार उशिरा. बंगळुरूचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आपल्या वाचकांना परिचित आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने १९६३ मध्ये ते स्थापन केले. तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी १९९०च्या दशकात हे काम हाती घेतले. मुंबईसह मोठ्या शहरांत मुलांची रक्ततपासणी झाली आणि तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरूला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे शिशाच्या विषबाधेसाठीचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र सेंट जॉन्समध्येच उभे राहिले. २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. क्वीन्सलंडच्या कायद्यानंतर पंचाण्णव वर्षांनी.

तरी युनिसेफच्या २०२०च्या अहवालानुसार जगातील सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकी एकाच्या, रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांतील फार मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे. आपल्याकडे केवळ कठड्याचा रंग पाहून भागत नाही. जुन्या बॅटऱ्या वितळविणारी वस्तीतली भट्टी आहे. कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे आहे. डोळ्यांत घालायचा सुरमा आहे. अस्सल शेंदूर तर शिशाचेच संयुग. हळद उजळ पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा क्रोमेट रंग मिसळण्याची खोडही आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ही भेसळ आढळली. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितले, आणि २०२१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत ती एकाही ठिकाणी सापडली नाही. दोन वर्षांत! गिब्सनने अठरा वर्षे वाट पाहिली होती.

मुलाचे रक्त तपासून आकडा अधिक आला तर आज डॉक्टर प्रथम शिरेतून रक्त घेऊन तपासणी पुन्हा करतात, कारण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळलेली असू शकते. मग विचारतात: घर किती जुने, बाप काय काम करतो, कामाचे कपडे घरात आणतो का, मूल माती खाते का, मसाला कोठला. लोह आणि कॅल्शियम भरपूर मिळेल असे खाणे सांगतात. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहतात. आकडा ४५ च्या पुढे असेल तर औषध, ७० च्या पुढे असेल तर तत्काळ रुग्णालय. टर्नरने हे सगळे प्रश्न विचारले होते. फक्त व्हरांड्याचा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

नाताळ तोंडावर आला की आपल्याकडे घरांना रंग काढण्याची घाई उडते. नव्या डब्यावर शिसे नसल्याची खूण असते, पण २०१७ पूर्वीचा, कदाचित आजोबांच्या काळचा रंग दारा-खिडक्यांवर खालच्या थरांत तसाच असतो. रंगारी तो कोरड्या पॉलिश-पेपरने घासतो आणि दिवसभर बारीक धूळ घरात उडत राहते. तीच धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. पाणी मारून ओलेच घासायला त्याला सांगता येते. खाली कागद अंथरता येतो, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने दोनदा फरशी पुसता येते, आणि काम संपेपर्यंत लहानग्याला चार दिवस आजोळी पाठविता येते.